डिसेंबरातली उन्हाळी

"अरे, डिसेंबरात उन्हाळी? मग मे महिन्यात तुला काय लागते, पावसाळी?"

एवढं बोलून डॉक्टर हसला. कंपनीचा दवाखाना म्हणजे कोलशेतच्या गेटमधून आत आलं की कँटीनच्या बाजूची एक खोली. पडदा नाही, आडोसा नाही. बाकावर दोन नवे इंजिनियर फिटनेसचं सर्टिफिकेट घ्यायला बसलेले. कंपाउंडर गोळ्या पुडीत बांधत होता. तेही हसले. आणि मी काय केलं? मीसुद्धा हसलो. त्यांच्या हसण्याचं आता काही वाटत नाही. माझ्या हसण्याचं अजून वाटतं.

मी सत्तावन्न वर्षांचा. डॉक्टर माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचा. तो मला अरे-तुरे करत होता आणि मी त्याला साहेब, साहेब करत होतो. पंचवीस वर्षं कंपनीची बस चालवली, तोंडाला तेच वळण पडलेलं.

आमचं गाव संगमेश्वरकडचं. तिथे लघवीला जळजळ झाली, सारखं जावंसं वाटलं, धार नीट लागली नाही, की उन्हाळी लागली म्हणतात. ऋतूचा काही संबंध नाही त्यात. माझी आई भर थंडीतही उन्हाळी लागली म्हणायची आणि धने-जिऱ्याचं पाणी पाजायची. दुसरा शब्द मला माहीत नव्हता. चारचौघांत बोलण्यासारखा तर नव्हताच. म्हणून मी डॉक्टरला तोच सांगितला.

त्याने पोटाला हात लावला नाही. किती दिवसांपासून, रात्री किती वेळा उठतोस, काही विचारलं नाही. कार्डावर इंग्रजीत काहीतरी खरडलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि बोलला, "पाणी पी भरपूर. वय झालं आता, चालायचंच."

पाणी पी म्हणे! बस चालवणाऱ्या माणसाला!

माझी फेरी कल्याणहून सुटायची. दुर्गाडीचा पूल, कोनगाव, रांजणोली नाका, मग बायपास, माणकोली, माजिवडा, कोलशेत. रांजणोलीला एकदा अडकलं की अर्धा तास गेला समजा. पूर्वी दोन दोन तास मी सीटवरून हलायचो नाही. त्या थंडीत मला अर्धा तासही धरवेना. मागे चाळीस माणसं बसलेली. मी गाडी बाजूला घ्यायचो, इंडिकेटर लावायचो आणि खाली उतरून झुडपामागे उभा राहायचो. उभाच राहायचो. येतेय येतेय वाटायचं आणि थेंब थेंब. परत गाडीत चढायचो तेव्हा सगळे खिडकीतून बघत असायचे.

पंधरा दिवसांत माझ्या बसला नाव पडलं, 'उन्हाळी स्पेशल'. त्या बाकावरच्या दोन इंजिनियरांचीच करामत. सकाळी स्टॉपवर पोरं बोलायची, "आली रे उन्हाळी स्पेशल!" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. च्यायला, ज्यांना मी सात वर्षं, दहा वर्षं सुखरूप पोचवलं, त्यातलेही फिदीफिदी हसायचे.

आता लॉगबुकचं सांगतो, कारण पुढे सगळं त्याच्यावर आलं. कंपनीच्या प्रत्येक बसला लॉगबुक असतं. गाडी कधी सुटली, कधी पोचली, मध्ये ठरलेल्या स्टॉपशिवाय कुठे थांबली, का थांबली, हे ड्रायव्हरने स्वतःच्या हाताने लिहायचं. पानाखाली कार्बन. वरचं पान दर शनिवारी ऑफिसात, सही होऊन फाइलला. खालचं पान ड्रायव्हरचं. मी खोटं कधी लिहिलं नाही. टायर पंक्चर तर टायर पंक्चर. तसंच मी लिहीत गेलो. रांजणोली, सात मिनिटं, उन्हाळी. माणकोली, पाच मिनिटं, उन्हाळी. खाली माझी सही.

फेब्रुवारीत ऑफिसच्या मॅडमनी बोलावलं. टेबलावर माझीच पानं, लाल पेनाने गोल केलेली.

"हे काय आहे? स्टाफच्या तक्रारी आहेत. लेडीज असतात बसमध्ये, तुम्हाला कळत नाही?"

"मॅडम, आजार आहे. डॉक्टरची चिठ्ठी मिळाली तर मोठ्या डॉक्टरला दाखवतो."

"ते तुम्ही डॉक्टरांशी बोला. मला लिहून द्या, विनाकारण बस थांबवणार नाही."

दिलं लिहून. 'विनाकारण' हा शब्द मी माझ्या हाताने लिहिला. दुसऱ्या दिवसापासून घरून निघताना पाणी बंद, चहा बंद. तोंड कोरडं ठणठणीत. सीटखाली रिकामी बाटली ठेवायला लागलो आणि सिग्नलला मांडीवर टॉवेल टाकायचो. हे लिहिताना लाज वाटते. पण लाज मी एकट्याने किती दिवस वाहायची?

चिठ्ठीचं असं होतं. कंपनीने बाहेरचं एक हॉस्पिटल लावून दिलेलं, ठाण्यात. तिथल्या तज्ज्ञाला दाखवायचं तर आधी कंपनीच्या डॉक्टरची चिठ्ठी. चिठ्ठीशिवाय खिडकीवर उभं करत नाहीत. शहाडला आमच्या गल्लीत एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे मी गेलेलो. त्यांनी तपासलं आणि बोलले, मोठ्या डॉक्टरला दाखवा, तुमची कंपनीची सोय आहे ना? सोय! कंपनीचा डॉक्टर येणार मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते एक. मी दुसऱ्या शिफ्टची माणसं आणायला साडेअकराला कल्याणला निघणार. त्याला भेटायचं तर बदली ड्रायव्हर पाहिजे, बदली ड्रायव्हर पाहिजे तर मॅडमची परवानगी पाहिजे. तीन वेळा गेलो, तीन वेळा गोळ्या. मार्चअखेर त्याने कंटाळून चिठ्ठी दिली. बोलला, "जा बाबा, करून ये तुझी हौस."

चिठ्ठीची मुदत पंधरा दिवस. हॉस्पिटलने तारीख दिली बाविसाव्या दिवसाची. बाविसाव्या दिवशी मी आणि बायको, सुलभा, शहाडहून निघून खोपटला उतरलो, तिथून रिक्षा केली. खिडकीवरची मुलगी बोलली, "काका, चिठ्ठी संपली."

"अगं, तारीख तुम्हीच दिलेली ना?"

"तारीख आमची, चिठ्ठी कंपनीची."

सुलभा तिच्याशी भांडली. मी भांडलो नाही. मला लघवीला जायचं होतं.

दुसरी चिठ्ठी जूनमध्ये. या वेळी मुदतीतली तारीख मिळाली. मी खूश. तीन तास बाकावर बसलो. नंबर आला, आत गेलो. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, "खाज कुठे येते?"

मला कळेना. खाज?

चिठ्ठीवर तक्रारीच्या जागी कंपनीच्या डॉक्टरने उन्हाळीचं इंग्रजी करून ठेवलेलं, उष्णतेचा त्रास. खिडकीवरच्या मुलीला वाटलं, घामोळं असेल. तिने मला कातडीच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्या बाईंनी कपाळावर हात मारला आणि बोलल्या, "काका, तुम्हाला मूत्ररोगवाल्यांकडे जायला हवं. पण चिठ्ठी माझ्या विभागाची आहे, मी पुढे पाठवू शकत नाही. नवीन आणा."

नवीन आणा. रिक्षात सुलभा रडली. मी तिला बोललो, "रडतेस काय, घामोळं नाहीये मला, एवढं तरी कळलं." आम्ही दोघं हसलो. मग ती परत रडली. तोवर माझी कंबरही दुखायला लागलेली. ड्रायव्हरची कंबर दुखायचीच, असं मी धरून चाललेलो.

त्याच पावसाळ्यात मोठ्या साहेबांचा ड्रायव्हर गावी गेला आणि आठ दिवस त्यांची गाडी मी चालवली. साहेब माझ्याच वयाचे. माणूस वाईट नाही, गाडीत बसताना नमस्कार करतात. पहिल्याच दिवशी मागे बसून ते फोनवर बोलत होते.

"हो, ऑफिसर्सच्या हेल्थ चेकपमध्ये आलं. प्रोस्टेटची ब्लड टेस्ट जरा वाढीव. नाही, त्रास काहीच नाही. डॉक्टरांनी काल रविवारी स्वतः फोन लावला हॉस्पिटलला. परवा बायोप्सी."

कुठला डॉक्टर? आमचाच. मंगळवार-शुक्रवारवाला. साहेबांसाठी तो रविवारी फोन करत होता. आठव्या दिवशी साहेबांच्या हातात रिपोर्ट होता. कॅन्सर होता, पण अगदी लहान, जागच्या जागी. ऑपरेशन झालं की सुटले. मीच त्यांना हॉस्पिटलात सोडलं, त्याच इमारतीत, जिथे मला खाज विचारली होती. त्यांना खिडकीवर उभंच राहावं लागलं नाही.

आमची पण तपासणी असते वर्षाला. डोळे, कान, वजन, ब्लडप्रेशर. ड्रायव्हरला दिसतं का, ऐकू येतं का, एवढं बघतात. म्हणजे गाडीपुरता माणूस बघतात.

रिपोर्ट घेऊन परत येताना साहेब मला बोलले, "तू पण ही टेस्ट करून घे रे. पन्नाशीनंतर करावी."

"साहेब, डिसेंबरपासून चिठ्ठीसाठी फिरतोय. लघवीचा त्रास आहे."

आरशात मी बघितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "बघतो," बोलले. पुढे काही झालं नाही. मीही परत विचारलं नाही. वाटलं, माणूस स्वतःच आजारी आहे.

पण त्या दिवशी घरी जाताना डोक्यात किडा शिरला. आजार एकाच जागेचा. डॉक्टर एकच. साहेबांना त्रास नव्हता तरी त्यांना शोधून काढलं. मला त्रास होता, मी आपल्या पायांनी जाऊन सांगितला, तर चेष्टा झाली. ते प्रोस्टेट बोलले, मी उन्हाळी बोललो. रात्रभर तो शब्द पाठ केला. प्रोस्टेट, प्रोस्टेट. सुलभा बोलली, "अहो, जप लावलाय काय?"

पुढच्या शुक्रवारी बदलीही न मागता दवाखान्यात घुसलो. बोललो, "साहेब, प्रोस्टेट." डॉक्टरने मान वर केली. पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "कुणी सांगितलं तुला हे?" असं विचारलं. तरी रक्त तपासायला गेलं ऑगस्टअखेर, रिपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये तीन आठवडे पडून राहिला, आणि तिसरी चिठ्ठी हातात आली सप्टेंबरच्या शेवटी. तज्ज्ञासमोर मी बसलो तेव्हा ऑक्टोबर लागलेला. साहेबांचं तोवर कामावर रुजू होऊन पेढे वाटून झालेलं. एक पेढा मीही खाल्ला.

मग सगळं भराभर झालं. बोट घालून तपासलं, सुईने तुकडे काढले, हाडांचा फोटो काढला. कॅन्सर मणक्यात दोन ठिकाणी, कमरेच्या हाडात एक ठिकाणी. सीटमुळे दुखत नव्हती माझी कंबर. मी रिपोर्ट हातात धरून बसलो आणि आधी काय सुचावं? वाटलं, आता लॉगबुकात काय लिहू?

पुढच्या तारखेला मोठे डॉक्टर होते. पांढरे केस, मागे तीन शिकाऊ डॉक्टर. मी नुकताच तपासून उठलेलो, पायजम्याची नाडी बांधत होतो. ते माझ्याकडे पाठ करून शिकाऊंना बोलले, "बघा, हे टिपिकल. हे लोक अंगावर काढतात. कंबरडं मोडल्याशिवाय येत नाहीत." मग त्यांच्यातल्या लिहिणाऱ्या मुलीला बोलले, "लिही, रुग्ण उशिरा आला."

तिने लिहिलं. पेनाचा आवाज मला ऐकू आला.

हे लोक. म्हणजे मी. माझ्या पिशवीत तीन चिठ्ठ्या होत्या आणि डिसेंबरपासूनची कार्बनची पानं. मागच्या खेपेला कधीपासून त्रास आहे विचारलेलं, पुरावा असू दे म्हणून आणलेली. डोकं सणकलं. डिसेंबरात हसलो होतो तेव्हापासूनचं सगळं वर आलं.

"खोडा ते," मी बोललो.

मोठे डॉक्टर वळले. "काय?"

"उशिरा आला, ते खोडा. मी उशिरा आलो नाही. मला उशिरा पाठवलं."

"बरं, बरं. आता त्याने तुमच्या ट्रीटमेंटमध्ये काय फरक पडणार आहे?"

"ट्रीटमेंटमध्ये नसेल पडत. मी मेल्यावर हा कागद राहील. त्यात चूक माझी लिहिलेली राहील. खोडा."

मी टेबलावर सगळं मांडलं. पहिली चिठ्ठी, मुदत संपली. दुसरी चिठ्ठी, कातडीचा विभाग. तिसरी. मग पानं. रांजणोली, उन्हाळी. माणकोली, उन्हाळी. बाहेर रांगेतली माणसं दारात येऊन उभी राहिली. सुलभा माझा सदरा मागून ओढत होती, मग तिने ओढायचं सोडलं.

मोठ्या डॉक्टरांनी पानं उलटली. चार-पाच उलटली. लिहिणाऱ्या मुलीकडे बघून मान हलवली आणि पुढच्या पेशंटकडे गेले. माफी वगैरे मागितली नाही, मी अपेक्षाही केली नव्हती. मुलीने ओळीवर आडवी रेघ मारली, सही केली आणि खाली लिहिलं. मी बोललो, वाचून दाखव. तिने मराठीत वाचलं, "पहिली तक्रार डिसेंबरमध्ये, कंपनीच्या दवाखान्यात. तज्ज्ञांकडे दहा महिन्यांनी."

"उन्हाळी लिही," मी बोललो.

"काका?"

"मी जे सांगितलं तेच लिही. माझा शब्द आहे तो."

तिने कंसात उन्हाळी लिहिलं. देवनागरीत. बाहेर व्हरांड्यात ती माझ्या मागे आली. मी विचारलं, डिसेंबरात पाठवलं असतं तर? पोरगी खरं बोलली. "नक्की कुणी सांगू शकणार नाही, काका. तेव्हाही पसरलेला असू शकतो. पण तेव्हा शोधायला तर हवं होतं." तिचं हे उत्तर मी जपून ठेवलंय. नशीब म्हणून सोडून द्यायला मी तयार आहे, पण आधी तुम्ही शोधा तरी. मला कुणी शोधलंच नाही.

आता दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन असतं. आजार बरा होणार नाही, दाबून ठेवता येईल, असं सांगितलंय. घाम फुटतो, अंगात ताकद राहत नाही. बस काढून घेतली. मला गेटवर चाव्यांच्या टेबलाशी बसवलंय. माझी बस सकाळी आत येते तेव्हा मी दुसरीकडे बघतो. राग येतो. सगळ्यांचा येतो. कधी कधी जेवता जेवता येतो आणि सुलभाला उगाच बोलतो.

मागच्या सोमवारी दाजी माझ्या टेबलाशी आला. दाजी म्हणजे आमच्या कारखान्यातला फिटर, कोलशेत गावातलाच, त्याच्या आज्याने मिठागरात काम केलेलं. चोपन्न वर्षांचा दांडगा गडी. इकडेतिकडे बघून हळूच बोलला, "काय रं, तुला पयल्यांदा काय झालं व्हतं?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो चपलेच्या टोकाने फरशी खरवडत होता. मला कळलं.

"किती दिवस?"

"दोन महिने. कुनाला सांगशील नको. पोरा हसतील."

मी त्याला प्रोस्टेट शब्द शिकवणार होतो. तोंडावर आलेला. मग वाटलं, का? डॉक्टरला कळावं म्हणून आम्ही त्याचा शब्द पाठ करायचा, आणि तो शिकला-सवरलेला, त्याने आमचा एक शब्द शिकायचा नाही? आमच्या आया मूर्ख नव्हत्या. आम्ही डिसेंबरातच सांगितलेलं होतं, मराठीत सांगितलेलं होतं.

मंगळवारी अकराला चाव्यांचं टेबल बंद केलं आणि दाजीला घेऊन दवाखान्यात गेलो. मॅडमला सांगितलं नाही. डॉक्टरने मला बघितलं आणि खुर्चीत सावरून बसला. कंपाउंडरचा पुडी बांधणारा हात थांबला. बाकावर चार जण होते.

"बोला, काय तक्रार?" डॉक्टर बोलला. बोला, म्हणे. दाजीला नाही, मलाच.

दाजीची कानशिलं लाल झालेली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सांग. मोठ्याने सांग."

"साहेब," दाजी बोलला, "उन्हाळी लागलीय."

कुणी हसलं नाही. हसून बघायचं होतं कुणीतरी. डॉक्टरने गोळ्यांचं पॅड पुढे ओढलं. मी ते बाजूला सरकवलं आणि त्याच्याच टेबलावरचं चिठ्ठ्यांचं पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं.

"रक्त तपासायचा कागद आज. रिपोर्ट ड्रॉवरमध्ये नाही, त्याच्या हातात. चिठ्ठीवर विभाग लघवीचा, आणि हॉस्पिटलची तारीख फोनवर विचारून मग मुदत लिहायची. फोन इथून लावा, मोठ्या साहेबांसाठी लावलेला तसा. तोवर आम्ही इथेच आहोत. आणि यापुढे दर मंगळवारी, दर शुक्रवारी, अकरा ते एक, मी या बाकावर असणार. इंजेक्शनच्या दिवशी नसलो तर सुलभा असेल."

डॉक्टरने पेनाचं टोपण काढलं. दाजीचं नाव लिहायला लागला.

"थांबा," मी बोललो. "आधी आजची तारीख घाला."